दारू सुटल्याची कंदुरी

७ फेब्रुवारी २०१७, मंगळवार

मशीन बंद पडली आणि सुपरवायझर चारचौघांत म्हणाला, "बेवड्याचा काय भरवसा!" मशीन प्यायली होती का? तळपायाची आग मस्तकात गेली. सुट्टी झाल्यावर पाय आपोआप दारूच्या दुकानाकडे वळले. दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगमधल्या गयासभाईंना फोन लावला. त्यांनी माझ्या कितीतरी आधी सोडलीय. म्हणाले, "पैले कुछ खा ले रे. पेट खाली तो दिमाग खराब." गाड्यावर उभ्या-उभ्या वडापाव हाणले आणि बजाजनगरच्या खोलीवर आलो. नाही प्यायलो!

१० फेब्रुवारी

दौलताबादहून आईचा फोन. माझी सुटावी म्हणून तिने दर्ग्याला कंदुरी बोलली होती. गुरुवारी बोकड कापून जेवणावळ. आई रडली, मीही रडलो. मग आबांनी फोन घेतला — "पाव्हण्यांची मागं शेडात वेगळी सोय केलीय."

वेगळी सोय! माझी दारू सुटली म्हणून दारू! डोकं ठिकाणावर आहे का या माणसांचं?

१५ फेब्रुवारी

गयासभाई म्हणतात, नको जाऊ. का नको? कंदुरी माझी, मीच तोंड लपवू? जाणारच! शेवटी म्हणाले, "तो फिर मैं बी आता. हाथ कू काम रख."

१६ फेब्रुवारी, गुरुवार

मटणाचं पातेलं मीच ताब्यात घेतलं. गयासभाई शेजारी कांदा चिरत होते. आबा झुलत आले, ग्लास थेट माझ्या नाकाशी. "बापाच्या हातचा एक घोट घे! आज नाय तर कवा?"

तोंडाला पाणी सुटलं. खोटं कशाला लिहू? हातातला पळा घट्ट धरला. "आबा, आईचा नवस हाय. तुमच्या हातानं मोडू नका."

ऐकेनात. मग ग्लास काढून घेतला आणि मातीत ओतला.

"पाव्हण्यांदेखत बापाचा अपमान करतो?"

"व्हय, करतो!"

पंगत उठेपर्यंत मीच वाढलं. आई माझ्याकडे बघत होती. नंतर पोटभर जेवलो.

१८ फेब्रुवारी

सकाळी खोलीचं दार उघडलं तर आबा! एकटेच. चहा दिला, तो त्यांनी तसाच ठेवला. खाली बघत म्हणाले, "तुझ्या आईनं आता माझ्या नावानं कंदुरी बोललीय. ती मीटिंग कुठं भरती रं?"