कोंबड्या डालल्या का?

आत्याबाई, कोल्हा पुन्हा येऊ लागलाय. पलीकडच्या मळ्यातला ऊस तुटला की त्याला लपायला जागा उरत नाही आणि मग तो आपल्या वस्तीकडे वळतो, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. तुम्ही त्याला पाव्हणा म्हणायचात. सकाळी अंगणात पिसं दिसली की ‘पाव्हणा जेवून गेला’ म्हणत खराटा हातात घ्यायचात. यंदा पाव्हण्याने तीन आठवड्यांत पाच कोंबड्या नेल्या. तुमच्या नातवाने, माझ्या लेकाने, जाळीचं खुराडं केलं, त्याला कडी लावली, शेजारी खांबावर सौर दिवा बसवला. दोन दिवस कोल्हा बिचकला. तिसऱ्या दिवशी त्या दिव्याच्याच उजेडात बसून त्याने मोकळी राहिलेली कोंबडी खाल्ली असावी, कारण पिसं नेमकी खांबाखाली पडली होती. नातू म्हणाला, मेलेल्या कोंबडीत औषध घालून बांधावर ठेवतो. मी नको म्हटलं. वस्तीवरची कुत्री आधी मरतील. आणि खरं सांगायचं तर आता मला कोणाशी भांडायचाच कंटाळा आलाय, कोल्ह्याशीसुद्धा.

तुमच्या घरात सून म्हणून आले तेव्हा मी नाशिकच्या कॉलनीतली, कारकुनाची मुलगी. निफाडकडची ही वस्ती मला जगाच्या टोकाला वाटली होती. पहिल्याच आठवड्यात दिवेलागणीला तुम्ही चुलीपुढून विचारता, ‘कोंबड्या डालल्या का?’ मला अर्धंच ऐकू येतं. डाळीचं काहीतरी विचारताय असं समजून मी म्हणते, ‘हो, शिजतेय.’ तुम्ही कपाळाला हात लावता आणि मला बाहेर नेता. कोंबड्या गोळा करायच्या, त्यांच्यावर बांबूचं डालगं उपडं घालायचं, वर दगड ठेवायचा. याला डालणं म्हणतात. एवढं सोपं काम, पण तुम्ही ते मला सात-आठ दिवस शेजारी उभं राहून शिकवलंत. पुढे वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी तोच प्रश्न विचारलात. मला त्याचा फार राग यायचा.

त्या पहिल्याच वर्षीच्या हिवाळ्यातली ती सकाळ. तुमची काळी कोंबडी खुडूक होती, अकरा अंड्यांवर बसवलेली. मी उठून बाहेर आले तर डालगं कलंडलेलं, दगड बाजूला, कोंबडी गेलेली, अंडी गार पडलेली. शेजारच्या दोघी-तिघी जमल्या होत्या. त्यांच्यादेखत तुम्ही म्हणालात, ‘हिच्या माहेरी कोंबडी ताटातच पाह्यलेली. हिला काय डालायचं ठाव असनार?’ मी दगड ठेवला होता, आत्याबाई. दोन्ही हातांनी उचलून, पोटाशी धरून ठेवला होता. मी तसं म्हणालेही. तुम्ही म्हणालात, ‘मंग दगडाला पाय फुटले काय?’ सगळ्या हसल्या. तुमचे चिरंजीव मान खाली घालून भाकरी मोडत राहिले. त्या दिवशी मी गोठ्यामागे बसून रडले आणि तुम्हाला कधीही माफ करायचं नाही असं ठरवून टाकलं.

महिन्याभराने तुम्ही एक तलंग माझ्यापुढे आणून सोडलीत. तांबूस, अजून अंड्यावर न आलेली. ‘ही तुझी. हिच्या अंड्यांना मी हात लावनार नाय.’ एवढंच बोललात आणि लगेच पाण्याला निघून गेलात. एरवी काही द्यायचं असलं की तुम्ही दहादा ऐकवून द्यायचात. त्या दिवशी माझ्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाहीत. मला वाटलं, शहरातल्या पोरीवर दया केली. आता अंगणात ज्या उरल्यात त्या सगळ्या तिच्याच वंशातल्या. तरी ती तुम्ही का दिलीत, हे मला आज कळलं. म्हणजे कळलं असं वाटतंय.

मी तुम्हाला आत्याबाई म्हणायचे, माझी सून मला मम्मी म्हणते. ती पेठकडची आहे, डोंगरातली. कोंबड्यांचं तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं, म्हणून आठ दिवसांपूर्वी मीच डालायचं काम तिच्याकडे सोपवलं. डालगं गेलं, तरी शब्द तोच राहिलाय. परवा सकाळी पाहिलं तर खुराड्याचं दार सताड उघडं, तीन कोंबड्या गेलेल्या. मी म्हणाले, ‘कडी लावायची एवढी साधी गोष्ट लक्षात राहत नाही?’ ती म्हणाली, ‘मी डालल्या होत्या मम्मी. कडी बी लावली होती.’ मग तुमचा नातू बोलला, आणि तो जरा जास्तच बोलला. आईनं इतकी वर्षं सांभाळल्या, तुझ्या हातात आठ दिवस दिल्या तर हे झालं. दुपारी तिने माहेरी जायची पिशवी भरून दाराशी ठेवली. पिशवी अजून तिथेच आहे.

त्याच दुपारी मी माझा चष्मा शोधत होते. तो खुराड्याच्या पत्र्यावर सापडला. तेव्हा आठवलं. आदल्या संध्याकाळी तिने डालल्यानंतर आत कलकलाट ऐकू आला म्हणून मी गेले होते, कडी काढून आत डोकावले होते. पुढचं काहीच आठवत नाही. चष्मा पदराखाली झाकून मी घरात आले आणि कोणाला काही बोलले नाही. आज सकाळी सुनेला म्हणाले, ‘बाजारातून एक चांगली तलंग आणू. ती तुझी.’ बोलताना मी तिच्याकडे पाहत नव्हते, चुलीवर नसलेलं दूध बघत होते. आणि स्वतःचंच बोलणं ऐकून मला तुम्ही आठवलात.

तुम्हीही तेव्हा मागाहून दगड उचलून आत पाहिलं होतंत का? मला खात्री नाही. कदाचित मीच नीट ठेवला नसेल. पण विसरले असं एकदा कबूल केलं की घरातली माणसं आपल्याकडे कशी बघू लागतात, त्याची भीती तुम्हाला वाटली असेल तर ती मला आता समजते. शेवटच्या वर्षी तुम्ही भर दुपारी विचारायचात, कोंबड्या डालल्या का, पुन्हा पुन्हा. आम्ही हसायचो. मीही हसायचे आणि मनात म्हणायचे, बरं झालं. त्याची मला लाज वाटते. तशीच कोणी माझ्याकडे बघून हसेल म्हणून मी त्या पोरीला दोषी ठरवून गप्प बसलेय, आणि तिला जे सांगायचं ते तुम्हाला लिहीत बसलेय. तुम्हाला सांगणं सोपं आहे. तुम्ही कोणाला सांगणार नाही.

परवापासून डालायचं काम पुन्हा माझ्याकडे आलंय. आत्ता ती आतून बोलली. दोन दिवसांत माझ्याशी बोललेले तिचे हे पहिले शब्द. ‘मम्मी, कोंबड्या डालल्या का?’ मी हो म्हणाले. डालल्या की नाही, मला आठवत नाही, आत्याबाई. पेन ठेवते आणि आधी तिला तेच सांगते.