एकट्याने ढकलायची गाडी

३ मार्च

प्रिय मामा,

नमस्कार. तू सुखरूप पोचलास हे आईकडून कळलं. त्या दिवशी माझी इतकी धावपळ होती की तुला नीट निरोपही देता आला नाही. आम्ही सगळे ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात, पण जिना चढू नकोस म्हटलं की ती हटकून गच्चीवर जाते. तुझीच बहीण.

समारंभ छान झाला म्हणायचा. नवी गाडी सगळ्या वर्तमानपत्रांत झळकली आणि जिथे तिथे फोटो तुझाच. तू वाकलेला, दोन्ही हात गाडीच्या पाठीवर, समोर कारखान्याच्या अंगणातला चढ. खाली छापलंय, ‘श्रीमंत झाली, पण जड झाली नाही’. आमचे नवे साहेब खूश आहेत. फोटो मोठा करून दर्शनी भिंतीवर लावलाय, त्यामुळे रोज कामावर येताना तुझं दर्शन घडतं.

माझ्या चाचणी विभागातल्या नव्या पोरींना हा ढकलण्याचा प्रकार माहीतच नव्हता. त्यांना सांगितलं, थोरल्या साहेबांनी हलक्या गाड्यांचा हा कारखाना काढला तेव्हाच नियम घातला होता. नव्या जातीची पहिली गाडी इंजीन बंद ठेवून एका माणसाने हा चढ ढकलत न्यायची. माणूस कारखान्यातला नको, गिऱ्हाइकांतला हवा. ढकलता आली तर विकायची, नाहीतर परत आत. ज्याला हलवायला दोन माणसं लागतात त्याला कपाट म्हणतात, गाडी नव्हे, असं ते म्हणायचे. याआधीच्या दोन गाड्याही तूच ढकलल्या होत्यास हे ऐकून पोरी चकित झाल्या.

तुझा खांदा ठीक आहे ना? तसा फार जोर लागला नसेल म्हणा.

तुझे जुने दोस्त बोल्टकाका मात्र न जेवताच निघून गेले. त्यांचं काय बिनसलं कोण जाणे. चाकाखाली सारायची त्यांची लाकडी पाचर चढावरच पडून होती, ती मी उचलून माझ्या खणात ठेवली आहे. त्यांना सांग.

इकडे उन्हं वाढली आहेत. तब्येतीला जप.

तुझी लाडकी,
खारूताई

२४ मार्च

प्रिय मामा,

काल आईने सांगितलं, की तू आपली लाल गाडी बोल्टकाकांच्या शेडमधून काढून घरी आणलीस आणि ती आता तुझ्या दारात ताडपत्रीखाली उभी आहे. मला आधी खरंच वाटलं नाही. माझा जन्म झाला तेव्हा ती गाडी त्याच शेडमध्ये होती. मी तिच्या दोन सीटांच्या मागे अंग चोरून बसायला शिकले ते त्याच शेडमध्ये, आणि खारूताई हे नावही तिथेच पडलं. तुम्ही दोघांनी या कारखान्याच्या गाड्यांचा क्लब काढला, रविवारी सकाळी सगळ्या गाड्या डोंगराच्या रस्त्याने न्यायच्या आणि निम्म्या दोरी बांधून परत आणायच्या. त्या क्लबात आता दोन तट पडलेत म्हणे, एक तुझा, एक बोल्टकाकांचा.

मागच्या वर्षी तर तुम्ही दोघं एकाच बाजूला होतात. नवे मालक आले, गाडीत मऊ चामडं, मोठा पडदा, आपोआप लागणारी दारं येणार असं कळलं, तेव्हा सगळ्यात जास्त तूच तडकला होतास. दार आपोआप लागायला हवं तर माणसाने लिफ्ट घ्यावी, असं मला फोनवर ऐकवलं होतंस. कुणी म्हणालं, कारखाना जगायचा तर बदलायला हवं, तर तू त्याच्याशी महिनाभर बोलला नाहीस. आणि आता क्लबच्या भर बैठकीत नव्या गाडीबद्दल तूच म्हणालास, “ती अजून आपलीच गाडी आहे. मी ढकलली आहे. माझे हात खोटं बोलत नाहीत.” बोल्टकाका म्हणाले की यात काहीतरी गोम आहे. त्यावर तू त्यांना जळकुकडा म्हणालास आणि ते तुला म्हणाले, भाचीच्या नोकरीपायी विकला गेलास.

आई म्हणते, म्हातारपणी माणसं पोरासारखी भांडतात, होईल गोड. मग तिने भाजीचं विचारलं आणि मी भाजी चिरायला घेतली. ती इतकी बारीक चिरली की आई म्हणाली, खायची आहे की गाळायची आहे. हे सगळं मी का लिहितेय? पुढचं लिहायला नको म्हणून.

मामा, ती नवी गाडी तू ढकलली नाहीस. मी चालवली.

त्या गाडीत एक सोय आहे. गाडी चिंचोळ्या जागेत उभी असेल आणि दार उघडायला वाव नसेल, तर बाहेर उभं राहून किल्लीवरचं बटण दाबून धरायचं. गाडी विजेवर, जराही आवाज न करता, गोगलगायीसारखी सरकते. बटण सोडलं की जागच्या जागी थांबते. ही सोय माझ्याच विभागाने तपासली आहे. तू ढकलत होतास तेव्हा मी तुझ्या मागेच उभी होते, हात कोटाच्या खिशात. झाकली मूठ सव्वा लाखाची.

साहेबांवर ढकलता आलं असतं तर बरं झालं असतं, पण तेही जमणार नाही. त्यांनी ढकलण्याचा कार्यक्रमच रद्द करायला सांगितलं होतं. मीच म्हटलं, नको, लोक विचारतील, मी बघते काय करायचं ते. आदल्या दिवशी मी आणि आमचा एक धट्टाकट्टा सुतार, दोघांनी मिळून जोर लावला होता. गाडी हलली नव्हती.

तुझी चारचौघांत फजिती होऊ नये म्हणून मी हे केलं, असं मी स्वतःला समजावून पाहिलं. ते खरं नाही. तुझ्या हातांनी गाडी हलली नसती तर फजिती माझी झाली असती. चामडं आलं तेव्हा मी कारखान्यातल्या बैठकीत होते. पडदा आला, दारांची यंत्रं आली, सीट गरम करायच्या तारा आल्या, तेव्हाही मीच होते. गाडीचं वजन सांभाळणं हे माझं काम. दर वेळी साहेब माझ्याकडे बघायचे आणि मी म्हणायचे, चालेल. एकदाही नाही म्हटलं नाही. तू ज्या मुलीला सीटमागे बसवून फिरवलंस, तिने तुझ्या आवडत्या गाडीचं कपाट केलं आणि वर तुझ्याच हातून ते पास करून घेतलं.

तू मागे वळून म्हणालास, “सायकल आहे गं ही.” लोक टाळ्या वाजवायला लागले. बोल्टकाका नेहमीसारखे पाचर घेऊन चाकाशी चालत होते, गाडी मागे आली तर अडवायला. त्यांनी माझ्याकडे सहज पाहिलं असेल, पण चोराच्या मनात चांदणं. मी हात खिशातून काढला आणि टाळ्या वाजवायला लागले. नेमके तेव्हाच तूही लोकांना हात दाखवायला दोन्ही हात वर केलेस. आणि गाडी चढावर उभीच राहिली. कुणी धरली नव्हती, चाकाखाली काही नव्हतं. बोल्टकाका पाचर लावायला वाकले होते, ते तसेच वाकून राहिले. मग पाचर टाकून निघून गेले.

मी आज सकाळी साहेबांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, रागावतील. ते हसले आणि म्हणाले, “हुशार आहेस. आता कुठे बोलू नकोस.” ती शाबासकी मला थोबाडीत मारल्यासारखी लागली.

तू हे ज्याला सांगायचं त्याला सांग. बोल्टकाकांना तर आधी सांग. नोकरी जाईल, जाऊ दे. खरं म्हणजे मी स्वतः यायला हवं, पण तुमच्या दोघांसमोर उभं राहायचं तोंड नाही. म्हणून पत्र लिहितेय, म्हणजे पुन्हा लांब उभं राहून बटणच दाबतेय.

शेवटी ‘तुझी लाडकी’ लिहायची सवय आहे. आज लिहीत नाही.

खारूताई

२९ मार्च

प्रिय खारूताई,

आशीर्वाद. पत्र पोचलं. वाचून तुझ्यावर फार चिडलो. तुझी कानउघाडणी करायला फोन उचलला आणि परत ठेवला. का ठेवला ते पुढे लिहितो.

दुसऱ्या दिवशी बोल्टच्या शेडमध्ये गेलो. तो एका गाडीखाली होता, नुसते पाय बाहेर. मी त्याच्या पायांशी बोललो, ते जरा सोपं गेलं. तुझं सगळं सांगितलं. तो सरकत बाहेर आला, चिंधीने हात पुसले आणि म्हणाला, “पोरीचं राहू दे. तू हात काढलेस आणि गाडी मागे आली नाही. तेव्हा तुला कळलं नाही?”

कळलं होतं गं. हात काढायच्या आधीच कळलं होतं. ढकलताना गाडी हातावर रेलते. ही माझ्या हातांच्या पुढे पळत होती, मी नुसता तिच्या मागे चालत होतो. तुझ्या खिशातलं मला माहीत नव्हतं, पण ढकलतोय तो मी नाही, एवढं माहीत होतं. पण लोक टाळ्या वाजवत होते. या वयातही म्हातारा चढावर गाडी नेतो असं सगळ्यांना वाटलं, आणि मलाही ते वाटून घ्यायचं होतं. घरी येईपर्यंत वाटूनही घेतलं. मग बोल्ट खरं बोलला तेव्हा त्याच्यावर धावून गेलो, कारण माझी लबाडी माहीत असलेला तो एकटाच होता. तू तुझी नोकरी वाचवलीस. मी नुसता फोटो वाचवला.

त्याने माफ केलं असं समजू नकोस. तो परत गाडीखाली गेला आणि पाना मागितला. मी दिला. तो म्हणाला, “हा नाही, दुसरा.” मी दुसरा दिला. संध्याकाळपर्यंत एवढंच बोलणं झालं.

येत्या रविवारी क्लबची बैठक आहे, दोन्ही तट येणार आहेत. मी उभा राहून माझं सांगणार आहे. तुझं मी सांगणार नाही. ते तू येऊन सांग, साहेबांना न विचारता. माझ्या शेजारी उभी राहा. हे काही एकट्याने ढकलता येणार नाही.

आणि बोल्टची पाचर आठवणीने आण. या वेळी ती लागेल.

तुझ्याइतकाच ओशाळलेला,
मामा