कोरं पुस्तक

ती. बाबा,

चेन्नईहून रेवाचा वाकून नमस्कार. जेवणाची काळजी नको, आता रसमसुद्धा आवडायला लागलंय.

पहिल्या चाचणीत मला मार्क कमी पडले. फोनवर सांगवेना, म्हणून पत्र. पण पुढचं वाचा, मी आज फार खुशीत आहे.

धडे तर पुन्हापुन्हा वाचले होते. चंद्रिका मॅडमनी माझं पुस्तक उघडलं आणि विचारलं, "इतकं कोरं? वाचताना एकही प्रश्न पडला नाही?" मी म्हटलं, आमच्याकडे पुस्तकावर रेघ मारत नाहीत, ते धाकट्या भावाला जातं. त्या हसल्या आणि माझ्या हातात पेन्सिल दिली.

आता मी परिच्छेद संपला की थांबते, कडेला प्रश्न लिहिते, पुस्तक मिटून उत्तर स्वतःलाच सांगते. काल वर्गात पहिल्यांदा माझा हात वर गेला, बाबा.

आईची कंबर कशी आहे? ती खरं सांगत नाही, तुम्ही कळवा.

तुम्ही घातलेलं खाकी कव्हर अजून तसंच आहे. आतलं पुस्तक मात्र अनयला कोरं मिळणार नाही. रागावू नका. मी जिथे जिथे अडले, तिथे तो एकटा नसेल.

तुमची,
रेवा