डावी बाजू दोन इंच खाली

४ मे १९९१
उशिरा लिहितोय, माफी असावी. आठवडाभर हात ग्रीसमध्ये होते आणि वही काळी करायची नव्हती. जुन्या एस्कॉर्ट गाडीचं इंजिन, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल — सगळं उतरवून, घासून, चिठ्ठ्या लावून पुढच्या खोलीत मांडलंय. आता फक्त चासी हवी, नव्या उघड्या गाडीचा नळ्यांचा सांगाडा. क्लाइव्ह आपल्या शेडमध्ये महिन्याला दोनच चासी जोडतो आणि नंबरानं देतो. माझी एकोणिसावी. "गुरुवारच्या व्हॅननं येतेय, सिरिल," म्हणाला.

लेनर्डला जाऊन सांगितलं. वृद्धाश्रमात खिडकीशी बसला होता. "म्हणजे समुद्र दिसणार म्हणायचा," एवढंच बोलला. दोन वाक्यांत धाप लागते त्याला. डॉक्टर पुढच्या हिवाळ्याचं नाव काढत नाहीत. गाडी उन्हाळ्यातच व्हायला हवी. मोठा भाऊ आहे माझा, तीतून समुद्रावर नेईन असं कबूल केलंय.

९ मे
व्हॅन आली. चासी नाही. एक खोकं — त्यात दोन दिवे आणि उजव्या चाकाचे दोन हब. डाव्याचा एकही नाही. आणि मी खोकं उघडायच्या आधीच सही करून बसलेलो. "मी फक्त पोचवतो, बाबा," ड्रायव्हर म्हणाला.

१७ मे
क्लाइव्हला फोन. "नळ्याच आल्या नाहीत कारखान्यातून." मी विचारलं, डाव्या बाजूचं लक्षात आहे ना? या गाडीला दार नसतं, कडेवरून पाय टाकून आत बसायचं. लेनर्डचा गुडघा वाकत नाही. मी टेप घेऊन त्याचा पाय मोजला, तेव्हा नर्सबाई हसत होत्या. क्लाइव्हला तेव्हाच कागदावर काढून दिलं होतं — डाव्या बाजूची वरची नळी दोन इंच खाली. "तुझा कागद भिंतीवर लावलाय रे," म्हणाला.

३० मे
व्हॅन दारात थांबली. शेजारच्या पेगबाईंचा गालिचा निघाला.

१३ जून
क्लाइव्हची बायको फोन उचलते. "शेडमध्ये आहेत." मागून त्याचा खोकला ऐकू येत होता. मंगळवारी मी चार वेळा फोन केला, त्यानं चिडला असेल का?

गॉर्डनला विचारलं. त्यानंच मला गाडी जोडायच्या या नादाला लावलं. बस डेपोत बत्तीस वर्षं माझ्या शेजारच्या पिटवर, बसखालच्या दुरुस्तीच्या खड्ड्यात होता, आता असल्या गाड्यांच्या एकाच क्लबात आहोत. "मिळेल रे. त्याचा जीव नको खाऊस," म्हणाला.

गिअरबॉक्स पुन्हा उघडला. तिसऱ्यांदा. वॉशर राहिला असं वाटत होतं, पण बसवलेला होता. आता खात्री आहे. बहुतेक.

२१ जुलै


क्लबाचा मेळावा होता. मैदानात गॉर्डनची नवी गाडी, हिरवी, भोवती गर्दी. मला म्हणाला नव्हता काही. मी डावीकडून गेलो आणि थांबलो. कड खाली होती. खिशातली टेप काढली. दोन इंच. मग गवतात गुडघे टेकून चासीवर ठोकलेला नंबर वाचला. एकोणीस.

"ही कुणाची?" मी विचारलं.

गॉर्डन थर्मासातून चहा ओतत होता. "माझी."

"नंबर माझा आहे."

"तू अजून गिअरबॉक्स उघडतोयस, सिरिल. चासी तुझ्या दारात गंजली असती."

क्लाइव्हही तिथेच उभा होता, हातातल्या सॉसेजकडे बघत. "सव्विसावी तुला देतो. सप्टेंबरात, नक्की."

दोघांना सगळ्यांदेखत चोर म्हणालो. घडीची खुर्ची तिथेच राहिली. बसनं घरी आलो.

२२ जुलै
बत्तीस वर्षं एका किटलीतला चहा. त्याच्या बायकोच्या मयताला खांदा दिला मी. लेनर्डचा पाय मोजून काढलेल्या चासीत हा बसणार, आणि लेनर्ड खिडकीशी. गॉर्डनचा फोन आला. ठेवून दिला.

२५ जुलै
जेवण जात नाही. लेनर्डला कसं सांगू?

२८ जुलै
सांगायला गेलो. त्याचं नाक उन्हानं लाल झालेलं. "काल मजा केली यांनी," नर्सबाई म्हणाल्या, "हिरव्या गाडीतून मेबलथॉर्पच्या समुद्रावर."

त्या गेल्यावर लेनर्ड म्हणाला, "मीच सांगितलं गॉर्डनला. मे महिन्यातच. सिरिलची चासी तू घे म्हटलं. तू नीट करत बसला असतास रे. मला तेवढा वेळ नाही."

मी विचारलं, बसायला जमलं?

"अगदी सहज."

घरी येऊन क्लाइव्हला पोस्टकार्ड लिहिलं. चोर म्हणालो ते मागे घेतो. सव्विसावी चालेल. 'घाई नाही' असं लिहिलं होतं, ते खोडलं. त्याखाली लिहिलं, कधी पाठवतोस ते लवकर कळव.