तारेवरचा राघू

आई, टेकडीवर पाट्या लागल्या. वारज्याला आमच्या सोसायटीमागून जी वाट वर जाते तिच्या कडेने, थोड्या थोड्या अंतरावर एकेका पक्ष्याचं चित्र, खाली मराठी नाव आणि एखादी ओळ माहिती. नावं ठरवायचं काम सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या गटाने माझ्या गळ्यात मारलं, कारण मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, आणि निवृत्त बाईंना वेळच वेळ असतो असा लोकांचा समज आहे. तुझ्या पक्ष्याचीही पाटी आहे. तिच्यावर तू ठेवलेलं नाव नाही. आधी लिहिलं होतं, मग मीच ते खोडलं. त्याबद्दल तुझ्याशी बोलायचं आहे.

तुला हे सगळं माहीत आहे, तरी सुरुवातीपासून सांगते, कारण मला ते एकदा नीट लावून बघायचं आहे. विश्रांतवाडीच्या क्वार्टर्ससमोर तेव्हा मोकळं मैदान होतं आणि मैदानाच्या कडेने विजेच्या तारा. तारेवर तो हिरवा, सडपातळ पक्षी बसलेला असायचा, शेपटीतून बारीक काडी बाहेर आलेली, डोळ्यांत काजळ घातल्यासारखी रेघ. एकदम उडायचा, हवेत गिरकी घ्यायचा आणि परत त्याच तारेवर, त्याच जागी येऊन बसायचा. दिवसभर हेच. म्हणून लोक त्याला वेडा राघू म्हणतात. आणि खाली मैदानात दादा. माझ्याहून चार वर्षांनी मोठा, पण बोलणं मोजकं, सगळं उशिरा कळणारा, शाळेने दुसरीतूनच घरी पाठवलेला. मुलं क्रिकेट खेळायची तेव्हा हा लांब बाभळीखाली उभा राहायचा. बॉल तिकडे गेला की धावत जाऊन आणायचा, द्यायचा, आणि पुन्हा बाभळीखाली जाऊन उभा. पोरांना नाव शोधायला लांब जावं लागलं नाही.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. तू महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीतून दमून घरी आली आहेस, चप्पलही काढलेली नाही, आणि खालून आरोळी येते, "ए वेड्या राघू, बॉल!" तू पर्स टेबलावर ठेवतेस आणि आल्या पावली खाली जातेस. मी गॅलरीतून बघते आहे. तू आवाज चढवत नाहीस, तुझा चढायचाच नाही. "तुमच्यापैकी कोणाला शहाणपणाचं सर्टिफिकेट मिळालं असेल तर उद्या माझ्या ऑफिसात घेऊन या. शिक्का मारून देते." मुलं बॅट घेऊन उभी राहिली. मग तू दादाचा हात धरून त्याला वर आणलंस. त्यानंतर मैदानात ते नाव पुन्हा ऐकू आलं नाही. तुझा मला इतका अभिमान वाटला होता की दुसऱ्या दिवशी वर्गात मी सगळ्यांना ही गोष्ट सांगितली.

घरात तर तो शब्दच बंद झाला. एकदा तू पोळ्या लाटत होतीस आणि मी मावसबहिणीबद्दल बोलता बोलता म्हणाले, तिला सिनेमाचं वेड आहे. तुझं लाटणं थांबलं. "दुसरा शब्द शोध." मी म्हटलं, नाद. "नाद ठीक. अजून?" छंद, ध्यास, सोस. पोळी तव्यावर करपली तरी तू मला सोडलं नाहीस. मी मराठीची शिक्षिका झाले ती त्या लाटण्याच्या धाकाने, असं मी मुलींना वर्गात सांगायचे. आणि त्याच सुमारास एका रविवारी तू आम्हा दोघांना गॅलरीत बसवलंस आणि तारेकडे बोट केलंस. "नीट बघा. रिकामा परत येतोय का?" नव्हता येत. दर वेळी चोचीत माशी नाहीतर मधमाशी, ती तारेवर आपटायची आणि गिळायची. "जो कामाला जातो आणि काम करून परत येतो, त्याला काय म्हणायचं ते आपण ठरवू. हा तारेवरचा राघू." ठरलं. आपल्या घरात त्याला दुसरं नाव राहिलं नाही, आणि मोठी होईपर्यंत मला वाटायचं की नावं बदलायची तर अशीच, एका वाक्यात, वर चर्चा नाही.

खरं तर नावं बदलणाऱ्यांशी तुझं रोजचंच वैर. तुझ्या टेबलाशी सुट्टीत बसलेली मी बघायचे ना, कोणी ना कोणी यायचंच, पत्रिकेत अक्षर वेगळं निघालं, आत्याने ठेवलेलं नाव आजोबांना पटत नाही, बदलून द्या. तू चष्म्यावरून बघायचीस. "बाळाला विचारलंत का?" माणसं ओशाळून हसायची. तुझ्या ऑफिसात हा विनोद ठरून गेला होता, तुझे साहेबसुद्धा तो वापरायचे.

तर पाट्या. आमच्या गटात हिंजवडीला नोकरी करणारी एक मुलगी आहे, तिला सगळे पक्षी आवाजावरून ओळखता येतात. तिने यादी वाचली आणि म्हणाली, "काकू, यातली काही नेम्स खूप ऑफेन्सिव्ह आहेत. खाटीक, धोबी, वंचक. आणि वेडा राघू? मेंटल हेल्थवर आपण एवढं बोलतो आणि बोर्डवर 'वेडा' लिहिणार?" एक निवृत्त इंजिनिअर आहेत, त्यांना लगेच राग आला. "उद्या सातभाईत बहीण का नाही तेही विचाराल." ती म्हणाली, इंग्रजीत त्यांना सात बहिणीच म्हणतात काका. मला ती मुलगी आवडली. मी म्हटलं, वेड्या राघूला माझ्याकडे नाव तयार आहे, माझ्या आईने ठेवलेलं. तारेवरचा राघू. ती म्हणाली, "परफेक्ट." सगळ्यांनी माना डोलावल्या. आई, त्या दिवशी मी उतारावरून जवळजवळ पळत खाली आले. एवढ्या वर्षांनी तुझा शब्द टेकडीवर लागणार होता, येणारी-जाणारी मुलं तो वाचणार होती.

वंचक तर लगेच बदललं. तळ्याकाठी गप्प उभं राहून मासा पकडणं ही फसवणूक असेल, तर निम्म्या पुण्याने नावं बदलून घ्यावीत. त्याचं जुनं नाव ढोकरी, तेच लिहिलं. खाटीकबद्दल मी कोपऱ्यावरच्या मटणाच्या दुकानात विचारलं. तिथले चाचा त्या भागात माझ्याआधीपासून आहेत. त्यांनी विचारलं, "करतो काय तो?" मी सांगितलं, किडा-सरडा मारतो आणि बाभळीच्या काट्याला टांगून ठेवतो. "मग बरोबर आहे की मॅडम. राहू द्या. फक्त भाव लिहू नका." धोबीबद्दल इस्त्रीवाल्यालाही विचारलं. नदीकाठच्या दगडावर शेपटी वरखाली आपटणारा पक्षी तो लहानपणापासून ओळखत होता, त्याचंही काही म्हणणं नव्हतं. मी खूश होते. मला वाटलं, ज्यांचं नाव आहे त्या सगळ्यांना विचारून झालं.

दादा माझ्याकडे असतो हे तुला माहीतच आहे, तू जातानाच तसं सांगून गेलीस. केस सगळे पांढरे झाले, चाल मात्र माझ्यापेक्षा बरी. पाट्या रंगवायला द्यायच्या आधी मी त्याला मुद्दाम वर घेऊन गेले, तुझं नाव लागणार म्हणून सांगायला. आम्ही बाकावर बसलो. समोर कुंपणाच्या तारेवर तो पक्षी होताच. मी विचारलं, "दादा, ह्याचं नाव काय?"

त्याने आधी इकडेतिकडे बघितलं. मग हसला. "वेडा राघू."

"अरे, तारेवरचा राघू ना?"

"ते आईचं. खरं नाव वेडा राघू."

"तुला कोणी सांगितलं?"

"मैदानात. मला म्हणायचे." छातीवर हात ठेवून, कोणी आपला हुद्दा सांगावा तसं सांगितलं त्याने. "बॉल गेला की म्हणायचे, वेड्या राघू, बॉल. मी आणायचो."

"तुला वाईट नाही वाटायचं?"

"कशाचं?"

तोच पुढे म्हणाला, "मग आई खाली आली. मग नाही म्हणाले."

"बरं झालं ना मग."

"काहीच नाही म्हणाले," दादा म्हणाला.

आई, मला तिथे बाकावर तुझा राग आला. साठी उलटल्यावर, जाऊन इतकी वर्षं झालेल्या आईचा राग. ती मुलं तुला घाबरली होती. ते नाव घ्यायचं नाही म्हटल्यावर ह्याला काय म्हणायचं ते त्यांना कळेना, आणि हाक मारायला नाव नाही म्हटल्यावर त्यांनी हाकच सोडली. बाभळीखाली दुसरा कोणीतरी उभा राहू लागला. दादा गॅलरीत गज धरून उभा असायचा आणि आपण म्हणायचो, बघा, ह्याला तारेवरचा राघू किती आवडतो. तो राघूकडे बघत नव्हता गं. खाली बघत होता. तू गावभरच्या आईबापांना विचारायचीस, बाळाला विचारलंत का, आणि आपल्या घरात तो प्रश्न तुला सुचला नाही. मलाही नाही सुचला, पण मी दहा वर्षांची होते.

राग फार वेळ टिकला नाही. तुझं सगळंच चुकलं असं मी म्हणणार नाही, कोणी म्हटलं तर ऐकूनही घेणार नाही. मैदानातल्या मुलांतला एकजण दादाच्या मागे मान हलवत चालून दाखवायचा, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या पोरांच्या तोंडी ते नाव लाडाचं नव्हतं. पण दादाच्या कानाला ते खेळायला ये असंच ऐकू यायचं, आणि बाहेरच्या जगाने त्याला दिलेलं तेवढं एकच नाव होतं. मी खाली उतरताना त्याला सांगितलं की ते बदलून आईचं लिहायचं ठरलंय. सोसायटीच्या फाटकाशी आल्यावर म्हणाला, "मग माझं?"

पुढच्या बैठकीत मी म्हटलं, वेडा राघू राहील. इंजिनिअर काका खूश झाले, त्यांना कारण नकोच होतं. ती मुलगी मात्र अडून बसली. "पण काकू, तुम्हीच तर म्हणाला होतात." मी सांगितलं, माझ्या भावाला विचारलं, त्याला ते नाव हवं आहे. दादा तेव्हा पलीकडे पायरीवर बसून शेंगा सोलत होता. तिने तिकडे बघितलं आणि अगदी हळू विचारलं, "त्यांना कळतं का, त्याचा मीनिंग?" मी तिच्यावर चिडले नाही. तिच्या जागी तू असतीस तर हेच विचारलं असतंस, आणि तूही ते प्रेमानेच विचारलं असतंस. मी म्हटलं, "तुला आणि मला कळतो तो वेगळा. त्याचा तो त्याला कळतो. पक्ष्यांना विचारता येत नाही म्हणून आपण ठरवतो, ह्याला विचारता येतं." ती उठून दादाजवळ गेली, त्याच्या पायरीवर बसली आणि त्याने दिलेल्या शेंगा खाल्ल्या. काय बोलले मला ऐकू आलं नाही. परत आल्यावर म्हणाली, "ओके, राहू दे. पण खालची ओळ मी लिहिणार."

तिने लिहिली आणि मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघितलं. आता पाटीवर असं आहे: "वेडा राघू. हा वेडा नाही. खात्री करायची असल्यास थोडा वेळ गप्प उभे राहून पाहावे." तू वाचली असतीस तर तुझ्या ओठांचा कोपरा हलला असता, एवढं मी छातीठोक सांगते. नावं बदलावीत की नाही ह्यावर आता लोक मला विचारतात, मी तज्ज्ञ झाल्यासारखं. मी म्हणते, बदलावीत, खुशाल बदलावीत, वंचक गेला त्याचं मला दुःख नाही. पण त्या नावाने कोणी हाकेला ओ देत असेल, तर आधी त्याला गाठा.

काल सकाळी आम्ही वर गेलो तेव्हा दादा नेहमीसारखा पुढे गेला. मला दम लागला होता. एरवी मी "दादा, थांब" म्हणते. वाटेवर कोणी नव्हतं, तरी मी मागे वळून बघितलं, तू येत असल्यासारखं, आणि मग ओरडले, "ए वेड्या राघू!" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. तो जागच्या जागी थांबला. मग वळला आणि त्या वयात जेवढं पळता येतं तेवढं पळत उतारावरून माझ्यापर्यंत आला, धापा टाकत, दोन्ही हात पुढे केलेले.

"बॉल कुठंय?"

माझ्याकडे बॉल नव्हता. मी तसं त्याला सांगितलं, आणि येताना दुकानातून एक घेतला. तू असतीस तर माझ्या तोंडून ती हाक निघाली नसती, आई. तू नाहीस म्हणून ती मला मारता आली, आणि त्याचं मला काल बरं वाटलं.