कुकरच्या शिट्टीची फाइल

अयोध्या नगर, भोपाळ
९ नोव्हेंबर, रविवार

कांचन,

दसऱ्यानंतरच्या सोमवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी माझं सगळं बदललं. हेडफोन लावून मी तुझा यमन सुरू केला आणि तुझ्या जागी दुसरीच बाई गायला लागली.

बाकी इथे ठीक. आईचे गुडघे तसेच. बाबा ड्यूटीवरून आले की जेवताना एकदा तरी म्हणतात, "काय रेकॉर्डिस्टसाहेब, कॉलेजचा रस्ता आठवतो का?" मी ताट सोडून उठतो. तू गायला आलीस तेव्हा खिडकीला बांधलेल्या रजया अजून तशाच आहेत. थंडी आली, आई रोज मागते. मी देत नाही.

काकू बिट्टन मार्केटच्या हाटात भेटल्या होत्या. मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "कांचन रोज तानपुरा लावते आणि नुसती बसते. गळ्याच्या ऑपरेशनच्या आधीची ती पाच रेकॉर्डिंगं आण की रे. तिला एकदा ऐकायचंय स्वतःला." मी म्हटलं, उद्याच आणतो. त्याला दीड महिना झाला.

झालं असं, की डिस्क भरली होती म्हणून मी मूळ फाइली पुसल्या. क्लाउडवर सगळं होतंच. पण आठवतं, नावं देताना गायिकेच्या रकान्यात मी तुझ्याऐवजी त्या मोठ्या, प्रसिद्ध बाईंचं नाव लिहिलं होतं? तू म्हणालीस, "पागल है क्या, पाप लागेल." मी म्हटलं, "दहा वर्षांनी लोक त्यांच्या गाण्यावर तुझं नाव लिहितील." त्या सर्व्हिसला थट्टा कळत नाही. तिने राग बघितला, नाव बघितलं आणि ठरवलं, हे तर आपल्याकडे आहेच. तुझं गाणं वर चढवलंच नाही. मी परत मागितलं तेव्हा त्या बाईंचं दिलं. यमन, भीमपलास, बागेश्री, भैरवी. चारही.

बाई सुंदर गातात. एक चूक नाही. पण समेच्या आधी तू श्वास घ्यायचीस आणि तुझी बांगडी माइकच्या दांडीला लागायची, तिथे आता काही नाही. आणि नेमकं तिथेच मला ती बांगडी ऐकू येते. हेडफोन काढल्यावरही. आई भांडी लावत असते आणि मी मान वर करून बघतो.

डिस्क भरली नव्हती, कांचन. अर्धी रिकामी होती.

फेब्रुवारीत टाके निघाल्यावर तू पहिला फोन मला केलास. स्क्रीनवर तुझं नाव होतं, तुझा फोटो होता. तू म्हणालीस, "गौऱ्या, मी." वाळक्या पानांवरून कुणी पाय ओढत यावं तसा आवाज. डॉक्टरांनी सांगितलं होतं असं होऊ शकतं, मला माहीत होतं. तरी मी म्हटलं, "कौन?" मी पुन्हा विचारलं.

पुन्हा. माहीत असून.

मग तू फोन उचलेनाशी झालीस, आणि मला राग आला तो तुझाच. शिवाजी नगरला तुमच्या फाटकापर्यंत दोनदा येऊन परत गेलो. दुसऱ्यांदा घरी आल्यावर फोल्डर पुसलं, कचऱ्याच्या डब्यातूनही. वर एक प्रत आहे, या भरवशावर पुसलं. माझी हिंमत तेवढीच.

पाचवी फाइल तेवढी वाचली. तिच्यावर कुणाचंच नाव नव्हतं, मी नुसतं 'खराब' लिहिलं होतं. तुझ्या आलापात आईच्या कुकरची शिट्टी झाली ती. तू हसायला लागलीस आणि म्हणालीस, "कुकर सुरात आहे रे, मीच उतरले." मग, "पुसून टाक हे, गौऱ्या." जगात कुणाकडेच हे नाही, म्हणून कशाशीही जुळलं नाही.

पण तीही त्या सर्व्हिसने छाटून छोटी करून ठेवलीय. तू विचारायचीस ना, छोट्या फाइलीने काय फरक पडतो? मी सांगायचो, अत्तराची बाटली आणि कानातला फाया. आता फायाच उरलाय. मी ती परत मोठ्या फाइलीत बदलून पाहिली. आकार वाढला. फाया पिळून बाटली भरत नाही. 'पुसून टाक'नंतर तू ओठातल्या ओठात पुन्हा षड्ज लावला होतास, इतका हलका की पंखा बंद असेल तरच कळावा. आता तिथे पाण्याखालून काहीतरी हलल्यासारखं वाटतं. तो खरंच गेला, की मलाच ऐकू येईनासा झाला, सांगता येत नाही. तू ऐकून सांग.

पेनड्राइव्हवर ही एकच फाइल आहे. त्या चार घातलेल्या नाहीत. एकदा मनात आलं होतं, घालाव्यात, काकूंना काय कळतंय. तेही लिहून टाकतो.

हे पोस्टाने पाठवत नाही. दाराखालून सरकवून बेल वाजवेन आणि फाटकापाशी थांबेन. सगळं वाच. मग वाटलं तर आतून एकदा विचार, "कोण?" जो आवाज आहे त्याच आवाजात. नाही वाटलं तर विचारू नकोस. दिवे लागेपर्यंत थांबेन आणि जाईन. या वेळी रागावणार नाही.

रजया सोडून आईला दिल्या. खोलीत एकदम रस्त्याचा आवाज भरलाय. ती विचारतेय कुठे निघालास. पायात चपला आहेत, एवढं लिहून दार ओढून घेतो.

तुझा आवाज ओळखूनही ज्याने विचारलं, तो
गौरांग