निर्दोष बाबागाडी

३ मार्च, सकाळी ७
आजपासून क्रोधाचा संपूर्ण त्याग. सूनबाईंशी बोलताना विशेषत्वाने.

सकाळी १०
त्याग उद्यापासून. चिरंजीवांच्या मोबाइलवर बाबागाडीच्या कंपनीची नोटीस आली. आमच्या मॉडेलच्या काही गाड्यांची खिट्टी आपोआप सुटते, गाडी अचानक मिटते, लेकराची बोटे चिमटतात. सबब त्या परत मागवल्या आहेत. सूनबाईंनी तत्काळ नातीचा माझ्यासोबतचा फेरफटका बंद केला. दीड वर्षाच्या त्या जीवाला बागेपर्यंत नेणे हे निवृत्तीनंतरचे माझे एकमेव नित्यकर्म. गाडी मी स्वतः पारखून घेतलेली. नोटीस इतरांच्या गाड्यांविषयी असणार.

४ मार्च
कंपनीस गाडीखालच्या स्टिकरवरील नंबर हवा. स्टिकर नाही. गाडी आणली त्याच दिवशी मी तो खरवडून त्या जागी सुवाच्य ‘श्री’ लिहिले होते. कोणत्याही कार्याचा आरंभ बारकोडने होऊ नये, असे माझे मत होते व आहे. चिरंजीव कपाळावर हात मारून ऑफिसला गेले.

६ मार्च
हेल्पलाइन. चाळीस मिनिटे संगीत. दरम्यान मनातल्या मनात स्तोत्राची अकरा आवर्तने झाली. बाराव्यात, ऐन फलश्रुतीच्या वेळी, एक मुलगी बोलू लागली. व्यत्यय. तिने नंबराच्या जागेचा फोटो मागितला. पाठवला.

७ मार्च
त्या मुलीचा फोन. म्हणाली, आजोबा, अक्षर फार सुरेख आहे, पण असा नंबर आमच्या यादीत नाही. खात्री होईपर्यंत गाडी वापरू नका.
यादीत नाही. म्हणजे निर्दोष. पुढचे वाक्य प्रक्षिप्त. जाणकार वाचक अशा ओळी सोडून देतो.
आमच्या हिने विचारले, सूनबाईंना विचारलेत का. मी म्हणालो, ज्ञात्याने विचारायचे नसते, सांगायचे असते. ही म्हणाली, मग सांगा जाऊन. सूनबाईंच्या कपाळावर आठ्या होत्या. मुहूर्त टळला.

८ मार्च, सकाळी ८
सूनबाई स्नानाला गेल्या आहेत. गाडी दारात उघडून ठेवली. नात दोन्ही हात वर करून तयार. हिने मात्र वाट अडवली आहे. संशयात्म्यांचे शंकानिरसन करणे प्राप्त आहे. सीटवर जोराने हात दाबून दाखवतो. पर्वत ढळेल, ही खिट्टी ढळणार नाही.

सकाळी ९ (डाव्या हाताने)
पर्वत जागेवर आहे.
मधली दोन बोटे आत अडकली. सोडवायला ही, शेजारचे सुतार आणि त्यांची पक्कड. नात आधी टाळ्या पिटत होती. माझा चेहरा पाहून रडू लागली. सूनबाई ओल्या केसांनी धावत आल्या. रागावतील म्हणून उत्तरे जुळवून ठेवली होती. त्यांनी माझा हात उलटसुलट पाहिला, मग लेकीचा मुठीत धरला.
“बाबा, हिची पाची बोटं मिळून तुमचं एक बोट होतं.”
एवढेच. मी गाडी दारातून बाजूला सरकवली.

१५ मार्च (अजून डाव्या हाताने)
नवी गाडी आली. निवड सूनबाईंची. फेरफटका पूर्ववत सुरू. गाडी ही ढकलते; मी मागून पाण्याची बाटली घेऊन चालतो व मार्गदर्शन करतो. आज वळणावर चाकांच्या गतीविषयी चार शब्द सांगत होतो, तोच नातीने मागे वळून ओठांवर बोट ठेवले. हे तिला आजीने शिकवले.
चाकांचे प्रवचन तिथेच आवरले. बाटली सावरून मागोमाग चाललो.